जपानीच्या पहिल्या वर्षातले मराठी व्याकरण

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी मराठी बोलली जात असली, तरी जपानीचे व्याकरण त्यांना समजावून दिले जाते ते बहुधा इंग्रजीतून. माझेही तसेच झाले. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर मी संध्याकाळच्या एका वर्गाला जाऊ लागले, जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-5 ही सर्वांत खालची पातळी पार केली आणि तिथून हळूहळू वर सरकले. पुढे अनुवादाची कामे करता करता नवशिक्यांना शिकवण्याचीही वेळ आली. त्यांच्या वह्या तपासताना तीच ती वाक्ये पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली, तेव्हा मी माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या. आपली पहिली भाषा नव्या भाषेच्या व्याकरणात नेमकी कुठून शिरते आणि कुठे शिरत नाही, याविषयी जे पुढे लिहिले आहे ते या दोन प्रकारच्या वह्यांवरून लिहिले आहे.

वर्गात पहिल्या आठवड्यातच शब्दांना मागून जोडायच्या प्रत्ययांचा एक तक्ता मिळाला. जपानीत त्यांना 'जोशि' म्हणतात. तक्त्यात प्रत्येक जोशिसमोर एक इंग्रजी शब्दयोगी अव्यय होते: 'नि' म्हणजे टू, 'कारा' म्हणजे फ्रॉम, 'दे' म्हणजे अ‍ॅट किंवा बाय. आम्ही सगळे मनात मराठी वाक्य जुळवायचो, त्याचे इंग्रजी करायचो, मग इंग्रजी अव्यय नामाच्या पुढून उचलून मागे नेऊन ठेवायचो आणि क्रियापद ओढून वाक्याच्या टोकाला न्यायचो. इतका द्राविडी प्राणायाम करून जे वाक्य तयार व्हायचे ते असे असे: 'वाताशि वा किनो तोमोदाचि तो बासु दे क्योतो कारा ओसाका मादे इकिमाश्ता.' मराठीत हेच वाक्य आहे, 'मी काल मैत्रिणीबरोबर बसने क्योतोहून ओसाकापर्यंत गेले.' एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. प्रत्यय नामाच्या मागे, क्रियापद शेवटी, काळाचा शब्द सुरुवातीला, सगळे जिथल्या तिथे. तरीही वर्गातल्या कुणालाही मधले इंग्रजी स्टेशन गाळावेसे वाटले नाही. परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीसारखे काहीतरी असणार, आणि शिकण्याची भाषा म्हणजे इंग्रजीच, ही समजूत इतकी घट्ट होती की घरच्या भाषेची मदत घेणे हा कच्चेपणा वाटत असे.

हे साम्य केवळ माझ्या नजरेतले नाही. कॉलिन मसिका या भाषाशास्त्रज्ञाने 1976मध्ये भारतातल्या भाषांचा एक समान प्रदेश म्हणून अभ्यास मांडला. त्यात त्याने शब्दक्रम, प्रयोजक क्रियापदे, 'करून'सारखी धातुसाधिते, संयुक्त क्रियापदे आणि 'मला आवडते'सारखी वाक्ये अशी काही लक्षणे घेऊन ती कुठवर पसरली आहेत ते नकाशावर पाहिले, आणि त्यांतल्या अनेकांचा माग मध्य आशियातून थेट कोरिया आणि जपानपर्यंत लागतो असे दाखवले. मराठी आणि जपानी यांचे कूळ एक नाही. घडण मात्र अनेक ठिकाणी इतकी सारखी आहे की शिकणाऱ्याने ती न वापरणे हे नुकसानीचेच म्हणावे लागेल.

मला स्वतःला ही घडण पहिल्यांदा जाणवली ती क्रियापदाच्या 'ते' रूपापाशी. पाठ्यपुस्तकात या रूपाचे अर्धा डझन उपयोग वेगवेगळ्या धड्यांत, वेगवेगळ्या इंग्रजी नावांनी दिलेले होते आणि आम्ही ते सुटे सुटे पाठ करत होतो. 'आसागोहान ओ ताबेते, काइशा ए इकिमास' म्हणजे 'नाश्ता खाऊन ऑफिसला जाते', हे कळल्यावर ताबेते म्हणजे 'खाऊन' एवढे सूत्र हाती आले, आणि पुढचे धडे आपोआप उलगडत गेले. 'ताबेते मिमास' म्हणजे खाऊन बघते. 'कात्ते ओकिमास' म्हणजे विकत घेऊन ठेवते. 'वासुरेते शिमाइमाश्ता' म्हणजे विसरून गेले. 'मोत्ते किते' म्हणजे घेऊन ये. घराबाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो ते 'इत्ते किमास' म्हणजे अक्षरशः 'जाऊन येतो'. 'बघणे' म्हणजे प्रयत्न करणे, 'ठेवणे' म्हणजे पुढची सोय करणे, या छटा इंग्रजीतून समजावताना पुस्तकाला अर्धे अर्धे पान लागत होते. मराठी बोलणाऱ्या मुलाला त्या शाळेत जाण्याआधीच येत असतात. इतकेच काय, 'पाऊस पडून रस्ते ओले झाले' या वाक्यात जसे दोन कर्ते चालतात, तसे 'आमे गा फुत्ते, मिचि गा नुरेमाश्ता' इथेही चालतात.

नामाला विशेषण म्हणून जोडलेल्या वाक्यांचेही तसेच. 'मी काल घेतलेले पुस्तक' हे जपानीत 'वाताशि गा किनो कात्ता होन' असे होते. जो, जी, जे यांसारखा कोणताही जोडशब्द लागत नाही आणि अख्खे वाक्य नामाच्या आधी येऊन बसते. दुसऱ्या भाषेच्या अभ्यासात या रचनेला एक इतिहास आहे. जॅकलिन शाख्टर या अभ्यासिकेने 1974मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या वेगवेगळ्या भाषिकांच्या लेखनातल्या अशा उपवाक्यांची तुलना केली. जपानी आणि चिनी विद्यार्थ्यांच्या चुका फारसी आणि अरबी विद्यार्थ्यांपेक्षा कमी आढळल्या, पण त्याचे कारण असे होते की ते ही रचना मुळात वापरतच कमी होते. त्यांच्या भाषांत उपवाक्य नामाच्या आधी येते आणि इंग्रजीत नंतर, म्हणून ते ती वाट टाळत होते. म्हणजे पहिल्या भाषेचा प्रभाव जसा चुकांत दिसतो तसा न लिहिलेल्या वाक्यांतही असतो. आमच्या वर्गात याचे उलटे रूप होते. इंग्रजीतून विचार करणारे विद्यार्थी 'पुस्तक' हा शब्द आधी लिहून बसत, मग पुढे काय करावे ते न सुचून दोन तुटक वाक्ये करून मोकळे होत. 'घेतलेले पुस्तक' म्हणून पाहा असे सुचवले की तीच मुले मोठमोठी उपवाक्ये बिनधास्त रचत.

इथपर्यंत मराठी ही केवळ मदत करणारी भाषा दिसते. रॉबर्ट लाडो यांनी 1957मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे दोन भाषांत जे सारखे ते सोपे आणि जे वेगळे ते अवघड. माझ्या वह्यांत मात्र लाल शाई सर्वांत जास्त सांडली आहे ती जिथे दोन्ही भाषा जवळजवळ सारख्या आहेत तिथे. पूर्ण वेगळे असलेले शिकायला वेळ लागतो खरा, पण ते वेगळे आहे याचे भान पहिल्या दिवसापासून असते. जवळजवळ सारखे असलेले आपण शिकतच नाही, आपले तेच तिथे आहे असे गृहीत धरतो.

'ला' हा प्रत्यय घ्या. 'मैत्रिणीला भेटते' याला 'तोमोदाचि नि आइमास', 'त्याला विचारले' याला 'कारे नि किकिमाश्ता'. इथे 'ला'च्या जागी 'नि' बरोबर बसतो. इंग्रजीच्या मार्गाने आलेले विद्यार्थी मैत्रिणीला कर्म समजून 'ओ' लावतात आणि चुकतात, मराठीवर विसंबलेले चुकत नाहीत. पण या यशामुळेच 'ला म्हणजे नि' हे समीकरण डोक्यात पक्के होते, आणि मग 'सरांना बोलावले' याचे 'सेन्सेइ नि योबिमाश्ता' होते, 'मुलाला पाहिले' याचे 'कोदोमो नि मिमाश्ता' होते. दोन्ही ठिकाणी 'ओ' हवा. मराठीत कर्म सजीव, विशेषतः माणूस असेल तर त्याला 'ला' लागतो आणि निर्जीव असेल तर बहुधा काहीच लागत नाही: मुलाला पाहिले, पण आंबा पाहिला. जपानीचा 'ओ' असा भेद करत नाही, मुलालाही तोच आणि आंब्यालाही तोच. परिणामी माझ्या वहीत माणसांना 'नि' लागलेला आहे आणि वस्तूंपुढचा 'ओ' सारखा गळालेला आहे. या दोन गोष्टी शिक्षकांनी वेगवेगळ्या चुका म्हणून दुरुस्त केल्या होत्या. वास्तविक मराठीचा एकच नियम तिथे दोन्ही बाजूंनी काम करत होता. एस. पिट कॉर्डर यांनी 1967मध्ये असे म्हटले होते की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याने त्या घडीला बांधलेल्या नियमव्यवस्थेचा पुरावा असतो. ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या एका पानावरून अधिक पटले.

स्थळाचा प्रत्यय याहून चिवट निघाला. मराठीत 'वाचनालयात आहे' आणि 'वाचनालयात अभ्यास करते' या दोन्हींत एकच 'त' आहे. जपानीत नुसते असणे असेल तर 'नि' आणि तिथे काही करणे असेल तर 'दे'. म्हणून 'तोशोकान नि इमास' बरोबर, पण अभ्यास करायचा तर 'तोशोकान दे बेन्क्यो शिमास'. मराठीत नसलेला भेद प्रत्येक वाक्यात करायचा हे जड जातेच, आणि ज्याला 'दे'चा अर्थ 'ने' असा बसने, चाकूने यांमुळे आधीच पक्का झाला आहे, त्याला तोच 'दे' जागेसाठी वापरायला मन घेत नाही. त्यातून 'राहणे' या क्रियापदाने 'तोक्यो नि सुन्दे इमास' असा 'नि' मागितला की नुकता जमलेला नियम पुन्हा डळमळतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण या वळणावर अडखळतो, आणि तक्ता पाठ करून कुणी सुटलेला मी पाहिलेला नाही. 'तिथे काय चालले आहे?' हा प्रश्न विचारून क्रियापदाकडून मागे येण्याची सवय लागली की ते हळूहळू सुटते.

'आहे'च्या बाबतीतही असेच एकाचे अनेक होतात. विद्यार्थिनी आहे, पुस्तक टेबलावर आहे, भाऊ घरी आहे. मराठीला एक 'आहे' पुरतो. जपानीत पहिल्याला 'देस', दुसऱ्याला 'आरिमास' आणि सजीव असल्यामुळे तिसऱ्याला 'इमास'. माझे पहिले स्वाध्याय 'वाताशि वा गाकुसेइ इमास' अशा वाक्यांनी भरलेले आहेत, कारण 'मी' सजीव आहे एवढाच विचार केला होता. मात्र 'मला एक धाकटा भाऊ आहे' हे 'वाताशि नि वा ओतोओतो गा हितोरि इमास' असे शब्दशः जमते, तिथे इंग्रजीवाले 'माझ्याकडे भाऊ आहे' याचे क्रियापद शोधत बसतात. एकाच क्रियापदाने दहा मिनिटांच्या अंतराने मदतही करावी आणि दगाही द्यावा, हे मला मोठे नमुनेदार वाटते.

प्रश्नार्थक 'का'ची गंमत बहुतेक मराठी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच कळते. 'येतेस का?' आणि 'किमास का?' यांत 'का' दोन्हीकडे शेवटी आहे. तो निव्वळ योगायोग आहे. पण मराठीत 'कुठे', 'कधी', 'काय' आले की हा 'का' गळतो, जपानीत सभ्य बोलण्यात तो तिथेही राहतो: 'दोको ए इकिमास का'. पहिल्या परीक्षेत माझ्या वर्गाने घाऊक प्रमाणात गाळलेले अक्षर हेच होते.

क्रियापदांच्या जोड्यांनी मला सर्वांत जास्त आनंद दिला. जपानीत ओचिरु-ओतोसु, कोवारेरु-कोवासु, देरु-दासु अशा शेकडो जोड्या आहेत, ज्यांत पहिले क्रियापद आपोआप घडणारे आणि दुसरे कुणीतरी घडवणारे. इंग्रजी माध्यमातून समजून घेताना या जोड्या म्हणजे पाठांतराची शिक्षा वाटते. मराठीत पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे ही माळ आपल्या तोंडात बसलेलीच आहे, आणि 'मी कप फोडला' असे म्हणण्याऐवजी 'कप फुटला' म्हणून सुटका करून घेण्याची तऱ्हाही दोन्ही भाषांत आहे. एवढे असूनही 'दार उघडले' या वाक्याने मला गाठलेच. मराठीत दार वाऱ्यानेही उघडते आणि मीही दार उघडते, क्रियापद एकच. जपानीत वाऱ्याचे 'आकु' आणि माझे 'आकेरु'. इथे मराठीने जोडी दिलेली नसल्यामुळे मी 'दोआ ओ आकिमाश्ता' असे कित्येक महिने म्हणत राहिले, जेव्हा की 'पाडणे'च्या बाबतीत एकदाही गोंधळ झाला नाही.

'देणे' हे याच जातीचे दुखणे, फक्त अधिक खोल. मी दुसऱ्याला दिले तर 'आगेरु', दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसांना दिले तर 'कुरेरु'. मराठीत देणाऱ्याचे तोंड कुणीकडे आहे यावरून क्रियापद बदलत नाही. 'समजावून दिले' ही संयुक्त रचना मराठीत आणि जपानीत दोन्हीकडे आहे म्हणून 'ओशिएते' पर्यंतचा भाग सहज येतो, आणि मग शेवटी 'आगेमाश्ता' निघून जाते. सरांनी मला शिकवले, हे सांगताना ते वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकते आणि ऐकणाऱ्याला विचित्रही वाटते.

आता उलट बाजू. प्रत्येक चूक मराठीच्या नावावर मांडण्याचा मोह शिक्षकाला होतो आणि तो टाळायला हवा. 'महाग नव्हते' याचे 'ताकाइ जा नाइ देश्ता' असे करणारे मराठी विद्यार्थी पुष्कळ आहेत. बरोबर रूप 'ताकाकुनाकात्ता देस' आहे, कारण जपानीत हे विशेषण स्वतःच क्रियापदासारखे चालते. विशेषण तसेच ठेवून शेवटी 'नव्हते' लावायची मराठीची पद्धत इथे दिसते, असे म्हणता येईल. पण हीच चूक अगदी वेगळ्या भाषा बोलणारे लोकही करतात, आणि 'शिझुका देश्ता' यांसारख्या दुसऱ्या जातीच्या विशेषणांत हा साचा जपानीत स्वतःच उपलब्ध आहे. शिकणारा एका जातीचा नियम दुसरीला लावतो, एवढेही कारण पुरेसे आहे. तसेच 'खोली मोठी आणि स्वस्त आहे' याचे 'हिरोइ तो यासुइ देस' होते, तेव्हा 'तो' हा फक्त नामे जोडतो हे ठाऊक नसल्याचा परिणाम मराठी 'आणि'कडून आला की इंग्रजी 'अँड'कडून, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी नाही. गंमत अशी की 'मोठी असून स्वस्त' हे काहीसे पुस्तकी मराठी सुचवले तर 'हिरोकुते यासुइ' हे बरोबर रूप लगेच सापडते.

1996मध्ये बॉनी श्वार्ट्झ आणि रेक्स स्प्राउस यांनी असा सिद्धान्त मांडला की दुसऱ्या भाषेची सुरुवात कोऱ्या पाटीवर होत नाही, पहिल्या भाषेचे अख्खे व्याकरण घेऊनच शिकणारा आत शिरतो आणि जिथे ते कानावर पडणाऱ्या वाक्यांशी जुळत नाही तिथे ते बदलत जाते. माझ्या अनुभवाला हे बरेचसे लागू पडते, पण एक गोष्ट त्यात सहज बसत नाही. मराठीचे लिंग, वचन आणि 'ने'चा प्रयोग यांतले काहीही आमच्यापैकी कुणी जपानीत नेले नाही. 'रामने आंबा खाल्ला' यातला 'ने' जपानी कर्त्याला 'दे' म्हणून चिकटलेला मी एकाही वहीत पाहिला नाही. क्रियापदाला स्त्रीलिंगी शेपूट लावायचा प्रयत्नही कुणी करत नाही, कारण लावायला जागाच नाही.

लिंग-पुरुष गेले तरी त्यांची रिकामी जागा मात्र त्रास देत राहते. मराठीत 'जाते' म्हटले की बोलणारी स्त्री आहे हे कळते, म्हणून 'मी' गाळता येतो. जपानीतही कर्ता गाळतात, मराठीपेक्षा कितीतरी जास्त, पण 'इकिमास' या रूपात कोण, कुठल्या लिंगाचे, एक की अनेक, यांतले काहीच नाही. गाळण्याची मुभा सारखी, तिची कारणे मात्र वेगळी. पहिल्या वर्षात माझ्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'वाताशि वा' आहे. क्रियापदाने माणूस सांगितला नाही म्हणजे तो आपणच सांगितला पाहिजे, असे आतून वाटत होते. जपानी कानाला असे बोलणे दर वाक्यात छातीवर हात ठेवून 'मी, मी' केल्यासारखे लागते.

'वा' आणि 'गा' यांच्यातला फरक, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचे ते आणि जे नव्याने सांगायचे ते, याला मराठीत ठरलेला प्रत्यय नाही. 'तर' आणि 'च' थोडे काम करतात. 'कोण आले?' याच्या उत्तरातला 'गा' मी विद्यार्थ्यांना 'तानाकाच आले' यातल्या 'च'वरून समजावते आणि ते तेवढ्यापुरते चालते. लांब परिच्छेदात ते पुरत नाही, तिथे अजूनही मी लिहून झाल्यावर जपानी सहकाऱ्याला वाचायला देते. फोनवर समोरच्याला 'आता येते' म्हणण्याची सवयही तशीच टिकून आहे. जपानीत बोलणाऱ्याच्या दिशेने होणारी हालचालच 'येणे' असते, म्हणून समोरच्याकडे निघायचे असेल तर 'इमा इकिमास', म्हणजे 'आता जाते', असे म्हणावे लागते. लिहिताना ते बिनचूक येते, घाईत फोन उचलला की 'किमास' निघते, आणि पलीकडचा माणूस क्षणभर थांबून मी नक्की कुठे आहे ते विचारतो.